नीरेकाठचा शिक्षक आणि त्याची पदवी

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेले बारामती आणि इंदापूर हे तालुके महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते ऊस, कालवे आणि राजकारण यांमुळे. परंतु या परिसरातील अनेक शेतकरी घरांत महिन्याच्या महिन्याला बांधीव पगार आणणारा पहिला माणूस हा प्राथमिक शाळेतील मास्तर होता, आणि त्या पगाराचे दार उघडणारी सनद म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र होते. या प्रमाणपत्राची नावे काळानुसार बदलत गेली. कधी ते नुसते ‘ट्रेनिंग’ होते, कधी पी.टी.सी., पुढे डी.एड. आणि बी.एड.; अभ्यासक्रम बदलले, परीक्षा घेणारी खाती आणि विद्यापीठे बदलली. मात्र या सगळ्या बदलांच्या तळाशी एक प्रश्न सतत वाहत राहिलेला दिसतो: गावातील मुलांना शिकवणारा माणूस त्याच मातीतला असावा, की बाहेरून नेमून पाठवलेला? या दोन तालुक्यांतील शिक्षक-शिक्षणाचा इतिहास हा मुख्यतः या प्रश्नाला त्या त्या काळाने दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

पेशवाईच्या काळात हा प्रश्नच उद्भवत नव्हता. बारामती ही बाबूजी नाईक यांची जहागिरीची कसबा पेठ होती, आणि त्यांच्याच आश्रयाने मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) येथे आपली काव्यरचना केली; म्हणजे पुराण, व्याकरण आणि कवित्व यांची उच्च परंपरा गावात होती. तिच्यापासून बऱ्याच अंतरावर, ओसरीवर किंवा देवळाच्या ओवरीत भरणारी पंतोजींची शाळा होती. पंतोजी म्हणजे गावातील मुलांना धूळपाटीवर अक्षरे गिरवायला लावणारा, मोडी वाचायला शिकवणारा आणि पाढे घोकून घेणारा खासगी शिक्षक. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशी अपूर्णांकांची पाढ्यांची उतरंड मुलाच्या जिभेवर बसली की हिशेबापुरते शिक्षण पुरे झाले असे मानले जाई. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. दाणागोटा, शिधा आणि सणावारी मिळणारे चार पैसे हे पंतोजीचे उत्पन्न. त्याच्यापाशी कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. गावाची ओळख हीच त्याची पात्रता होती. या आपलेपणाचे कौतुक करताना हेही स्पष्ट नोंदवले पाहिजे की त्या ओसरीवर बसणारी मुले बहुधा ब्राह्मण, व्यापारी आणि वतनदार घरांतील होती, मुली जवळजवळ नव्हत्याच, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना ती ओसरी बंद होती.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर शिक्षक ‘तयार करणे’ ही कल्पना प्रथमच या मुलखात आली. मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली काही तरुणांना नव्या पद्धतीने शिकवून तयार केले आणि १८२६ मध्ये असे २४ शिक्षक इलाख्यातील निरनिराळ्या ठिकाणी पाठवले. पुढे १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांकडे मुंबईतील ‘नॉर्मल क्लास’ची, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या वर्गाची, जबाबदारी देण्यात आली. मुंबईत हे चालले असताना पुणे जिल्ह्यात वेगळीच गरज निर्माण झाली होती. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये जमीन महसुलाची नवी पाहणी आणि आकारणी प्रथम इंदापूर तालुक्यात लागू केली, आणि पुढे मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीचा ती पाया ठरली. रयतवारी म्हणजे सरकारने सारा गावाकडून एकत्रित न घेता प्रत्येक खातेदाराकडून त्याच्या नावावरील जमिनीनुसार घेणे. याचा अर्थ, ज्या शेतकऱ्याला आजवर कागदाशी काही कर्तव्य नव्हते त्याच्या नावाने आता खाते, आकार आणि पावती आली. याच सुमारास शेजारच्या पुरंदर तालुक्यात कॅप्टन शॉर्टरीड यांनी गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या आणि तेथील शिक्षकांना महिना ३ ते ५ रुपये इतक्या अल्प वेतनावर, बहुधा जवळपासच्याच भागातून, नेमले. या शाळांचा दर्जा साधा होता, पण त्यांमागील विचार मोलाचा होता: शिक्षण शेतकऱ्याच्या व्यवहाराला जोडायचे, तर ते त्याच्या गावाजवळच्या माणसाकडूनच व्हावे.

हा विचार पुढे मागे पडला. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५५ मध्ये शिक्षण खाते स्थापन झाले आणि शिक्षक हा खात्याचा बदलीपात्र नोकर बनला. पुण्यात उभ्या राहिलेल्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद काही काळ कृष्णशास्त्री चिपळूणकरांकडे होते, आणि शिक्षकांसाठी १८६१ मध्ये सुरू झालेल्या ‘मराठी शालापत्रक’ या मासिकाचे संपादनही त्यांनी केले. या कॉलेजात निवडलेल्या उमेदवारास दरमहा विद्यावेतन मिळे, आणि त्या बदल्यात शिक्षण संपल्यावर ठराविक काळ खात्याच्या शाळांत नोकरी करण्याचा करारनामा त्याला लिहून द्यावा लागे. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची प्रमाणपत्रे वेगवेगळी असत आणि त्यांनुसार पगाराची पायरी ठरे. त्यामुळे गावातील लोकही मास्तर ‘कितव्या वर्षाचा ट्रेंड’, म्हणजे प्रशिक्षित, आहे हे विचारू लागले. डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्याला ग्रामीण बोलीत ‘दिपोटी’ म्हणत, वर्षातून तपासणीला येई आणि त्याच्या शेऱ्यावर मास्तरची बढती अवलंबून राही. पंतोजी गावाला उत्तरदायी होता. ट्रेंड मास्तर दिपोटीला. ही अदलाबदल केवळ प्रशासकीय नव्हती, कारण पुण्यात शिकून आलेला, बहुधा ब्राह्मण असलेला आणि दोन-चार वर्षांनी बदलून जाणारा हा शिक्षक कितीही कळकळीचा असला तरी कुणब्याच्या वाड्यावस्तीशी, त्याच्या हंगामाशी आणि त्याच्या कर्जाशी त्याचा संबंध क्वचितच जुळे.

कर्जाचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातील बाजारपेठेच्या गावी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल करून कर्जरोखे आणि खतपत्रे ताब्यात घेतली व जाळली. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात ती हीच. इंदापुरासह पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. या उठावाची आर्थिक कारणे इतिहासकारांनी सविस्तर मांडली आहेत, पण शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ज्या कागदावर आपला अंगठा उमटला आहे त्यावर काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते. सरकारी शाळा स्थापन होऊन पन्नास वर्षे होत आली असतानाही ती शाळा कुणब्यापर्यंत पोहोचली नव्हती, याचा सुप्याइतका ठळक पुरावा दुसरा नाही.

सात वर्षांनी, १८८२ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले, आणि शिक्षक कोण असावा या प्रश्नाला या प्रदेशातून मिळालेले पहिले स्पष्ट उत्तर ते हेच होय. प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतांशी एकाच वर्णाचे आहेत, त्यांतील अनेक अप्रशिक्षित आहेत आणि त्यांना शेतकरी समाजाच्या गरजा उमगत नाहीत, अशी तक्रार करून त्यांनी असे सुचवले की शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच प्रशिक्षित करावेत, त्यांना नांगर किंवा सुताराचे हत्यार हातात धरण्याचा कमीपणा वाटू नये, ते लोकांत मिळून मिसळून वागणारे असावेत, आणि प्रशिक्षित शिक्षकाचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत तर तो १५ ते २० रुपये असावा. फुले यांच्या या मागणीत प्रशिक्षण आणि मातीशी नाते या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या, आणि त्यांतील कोणतीही एक सोडायला ते तयार नव्हते; त्यांच्या निवेदनाचे खरे वेगळेपण येथे आहे. सावित्रीबाई फुले यांनी स्वतः अहमदनगर आणि पुणे येथील मिशनरी संस्थांमध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतलेले असल्यामुळे प्रशिक्षणाचे मोल या दांपत्याला अनुभवाने ठाऊक होते.

ही मागणी प्रत्यक्षात यायला दोन पिढ्या जाव्या लागल्या, आणि तिला वाट मिळाली ती काहीशी पाण्यामुळे व काहीशी पाण्याच्या अभावामुळे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळल्यानंतर भाटघर येथे धरण बांधून नीरा डावा कालवा काढण्यात आला आणि १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या शिवारात येऊ लागले. त्याबरोबर या तालुक्यांचे दोन भाग पडले: कालव्याखालचा बागायत पट्टा आणि सुपे-मोरगावकडचा व इंदापूरच्या माळरानांवरचा जिरायत पट्टा, म्हणजे केवळ पावसावर पिकणारा भाग. बागायतीत ऊस आला, १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवले, स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर आणि सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. जिरायत भागात मात्र चार भावांच्या घरात एकाला तरी शेतीबाहेर पाठवावे लागे, आणि त्याच्यासमोर जे मार्ग होते त्यांत लष्कर, पोलीस, मुंबईची गिरणी आणि मास्तरकी हे प्रमुख होते. या चारांत मास्तरकी अशी की जिच्यासाठी गाव कायमचे सोडावे लागत नसे.

१९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचे व्यवस्थापन जिल्हा लोकल बोर्डांकडे आल्यावर शिक्षकांच्या नेमणुकीत स्थानिक पुढाऱ्यांचा शब्द चालू लागला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात काटेवाडीच्या शारदाबाई पवार पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या, तेव्हा शेतकरी घरातील एक स्त्री शाळा, रस्ते आणि दवाखाने यांच्या निर्णयांत बसू लागली. हा बदल केवढा होता हे त्या काळच्या बोर्डाची रचना पाहिली की समजते. या काळात शिक्षक होण्याचा रूढ मार्ग असा होता: सातवीनंतरची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा, जिला सारे ‘फायनल’ एवढेच म्हणत, उत्तीर्ण झालेला मुलगा प्रथम अप्रशिक्षित शिक्षक म्हणून एखाद्या एकशिक्षकी शाळेत लागे, तेथे काही वर्षे काढून मग बोर्डाच्या शिफारशीने ट्रेनिंगला जाई आणि परतल्यावर त्याचा पगार वाढे. म्हणजे प्रशिक्षण आधी आणि नोकरी नंतर हा आज स्वाभाविक वाटणारा क्रम त्या वेळी उलटा होता. नीरेच्या पलीकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ मध्ये सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले, ते खेड्यातील मुलांना खेड्यासाठीच शिक्षक बनवण्याच्या हेतूने. फुले यांच्या निवेदनातील शिक्षक संस्थेच्या रूपात कोठे उभा राहिला असेल, तर तो येथे. शहरातील राहणीचा खर्च न परवडणारा, स्वतःचे अन्न स्वतः शिजवणारा आणि शाळेच्या आवारात कुदळ चालवणारा विद्यार्थी या कॉलेजात अपवाद नव्हता, तो नियम होता.

याच दशकाच्या अखेरीस मूलोद्योग शिक्षणाची लाट आली. मूलोद्योग म्हणजे एखाद्या हस्तव्यवसायाला केंद्र मानून त्याभोवती भाषा, गणित आणि परिसर यांचे शिक्षण गुंफणे. महात्मा गांधींच्या प्रेरणेने मांडलेल्या या योजनेची पहिली राष्ट्रीय परिषद ऑक्टोबर १९३९ मध्ये पुण्यातच भरली होती. ट्रेनिंगच्या अभ्यासक्रमात सूतकताई आली, शाळांच्या पाट्यांवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ हे नाव आले, ‘मराठी शालापत्रका’चेही नाव पुढे ‘जीवन शिक्षण’ झाले. टकळीवर सूत काढण्यात मुलांचे तास जाऊ लागले, पण शेतकरी पालकाला ते फारसे पटले नाही. हातकाम मुलाला घरीच पुरेसे होते, शाळेत त्याला अक्षर आणि हिशेब हवा होता. योजना विरली, तरी पाट्या मात्र कितीएक वर्षे तशाच राहिल्या.

१९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीच्या शिक्षणाची पायरी गाठली आणि शिक्षकांची मागणी एकदम वाढली. ज्युनियर आणि सीनियर अशा दोन पातळ्यांच्या पी.टी.सी. प्रमाणपत्रांनी ती काही काळ भागवली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, आणि पुढे पी.टी.सी.च्या जागी दोन वर्षांची शिक्षणशास्त्र पदविका, म्हणजेच डी.एड., आली, आधी माध्यमिक शालान्त परीक्षेनंतर आणि कालांतराने बारावीनंतर. लोणी काळभोर येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, जी १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलेल्या अशा संस्थांपैकी पुणे जिल्ह्याची आहे, आजही या प्राथमिक प्रवाहाचे जिल्हास्तरीय केंद्र आहे.

माध्यमिक शाळेतील शिक्षकाचा मार्ग वेगळा होता आणि तो विद्यापीठातून जात होता. मुंबईत १९०६ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले, १९२२ मध्ये मुंबई विद्यापीठाने बी.टी. ही पदवी सुरू केली, आणि १९४१ मध्ये पुण्यात शिक्षण प्रसारक मंडळीने टिळक शिक्षण महाविद्यालय स्थापन केले. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले, बॅ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले, आणि बी.टी.चे पुढे बी.एड. झाले. आरंभी पश्चिम महाराष्ट्रातील १२ जिल्ह्यांपर्यंत पसरलेले हे विद्यापीठ १९६२ मध्ये कोल्हापूरला आणि १९९० मध्ये जळगावला नवी विद्यापीठे निघाल्यावर पुणे, अहमदनगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांपुरते उरले. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. शिक्षिकेच्या प्रशिक्षणाने ज्या स्त्रीचे सार्वजनिक जीवन सुरू झाले, तिच्या नावाच्या विद्यापीठाची शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन आज या तालुक्यांतील मुली बाहेर पडतात.

बारामतीच्या मुलांसाठी हे विद्यापीठ प्रारंभी शंभर किलोमीटर दूर होते, इंदापूरच्या मुलांसाठी त्याहूनही दूर. ते जवळ आले दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सुरू झालेली ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, सवलत; वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांपेक्षा कमी असलेल्या पालकांच्या मुलांना तिने फीमाफी दिली आणि जिरायत शेतकऱ्याचा मुलगा पदवीच्या वर्गात बसू शकला. दुसरी म्हणजे स्थानिक महाविद्यालये: १९६२ मध्ये अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय बारामतीत सुरू झाले आणि १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. दरम्यान मोठ्या गावांतून माध्यमिक विद्यालये निघत होती, त्यांना पदवीधर हवे होते, आणि पदवीधर गावातच तयार होऊ लागले होते. संस्थेत आधी नुसता बी.ए. किंवा बी.एस्सी. शिक्षक लागे, मग संस्था त्याला वर्षभरासाठी पुण्याला किंवा साताऱ्याला बी.एड. करायला पाठवी. हे वर्ष बहुतेकांच्या आयुष्यातील शहरवासाचे एकमेव वर्ष असे. कालांतराने अध्यापक विद्यालये आणि शिक्षणशास्त्र महाविद्यालये तालुक्यातच निघाली आणि शहरात न राहताही शिक्षक होता येऊ लागले.

या पदवीच्या वर्षात नेमके काय घडत असे, हे पाहिल्याशिवाय तिचा इतिहास पुरा होत नाही. जुन्या पिढीचा पाठ हर्बार्ट या जर्मन विचारवंताच्या परंपरेतील पंचपदीवर उभा असे: मुलांना आधी ठाऊक असलेल्या गोष्टींपासून प्रस्तावना, मग नव्या आशयाचे निवेदन, मग तुलना, त्यातून सामान्य निष्कर्ष आणि अखेर उपयोजन. १९७० नंतरच्या दशकांत सूक्ष्म अध्यापन आले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात विकसित झालेल्या या पद्धतीत छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणारा विद्यार्थी, एका वेळी एकच कौशल्य घेऊन पाच-दहा सहाध्यायांपुढे सहा मिनिटांचा पाठ देतो. कौशल्य प्रश्न विचारण्याचे असेल, उदाहरणे देण्याचे असेल किंवा फलकलेखनाचे. सहा मिनिटे त्यावर प्रतिपुष्टी, बारा मिनिटे पाठाची फेरआखणी, सहा मिनिटे पुन्हा पाठ आणि सहा मिनिटे पुन्हा प्रतिपुष्टी, असे छत्तीस मिनिटांचे एक चक्र पूर्ण होते. ही सुटी कौशल्ये एकत्र जोडणारे सेतुपाठ त्यानंतर येतात, आणि मग खऱ्या वर्गातील सराव पाठ. पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात याशिवाय आशययुक्त अध्यापनपद्धतीला महत्त्वाचे स्थान मिळाले; विषयाची रचना आणि तो शिकवण्याची रीत ही वेगळी न शिकवता एकमेकांच्या आधाराने शिकवावी, असा तिचा आग्रह होता.

सराव पाठाच्या आदल्या रात्री टाचणवही भरली जाई. टाचण म्हणजे पाठाचा लेखी आराखडा: उद्दिष्टे आणि त्यांची स्पष्टीकरणे, शिक्षककृती आणि विद्यार्थीकृती यांचे उभे रकाने, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, गृहपाठ. सकाळी ठरलेल्या रंगाची साडी नेसलेल्या छात्राध्यापिका गुंडाळलेले तक्ते आणि गुंडाळीफळा बगलेत धरून एस.टी.तून सराव शाळेच्या गावी उतरत, आणि मागच्या बाकावर बसलेले प्राध्यापक टाचणवहीतच शेरे लिहीत. या शेऱ्यांत वेळेचे नियोजन आणि फळ्यावरील अक्षर यांबरोबर उच्चारशुद्धी हटकून असे. जिरायत गावातील मुलाच्या बोलण्यात ‘ण’च्या जागी ‘न’ आला की तो दोष म्हणून नोंदला जाई. प्रमाण भाषेचे प्रभुत्व शिक्षकाला हवेच, याविषयी वाद नाही. पण ज्या मुलांना तो शिकवणार होता त्यांच्या घरची बोली त्याला येते, ही त्याची जमेची बाजू होती, आणि ती मूल्यमापनाच्या कोणत्याही रकान्यात नव्हती. फुले यांनी ज्या जवळीकीला पात्रता मानले होते तिला अभ्यासक्रमाने दोष मानावे, हे या पदवीच्या इतिहासातील सर्वांत खेदजनक पान आहे.

स्त्रियांच्या दृष्टीने मात्र ही पदवी मुक्तीचीच वाट होती. विसाव्या शतकाच्या आरंभी शिक्षिका होऊ पाहणाऱ्या स्त्रीला, विशेषतः विधवेला, १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पुणे सेवासदनासारख्या संस्थेचा आधार घ्यावा लागे आणि त्यासाठी घर सोडावे लागे. अध्यापक विद्यालय तालुक्याच्या गावी आल्यावर ‘सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत’ या अटीवर मुलीला बारावीनंतर शिकू देणारे पालक हजारोंनी निघाले. शिक्षिकेची नोकरी लग्नाच्या बाजारातही मान्य होती, आणि हा हेतू मुलींच्या मनात नसला तरी वडीलधाऱ्यांच्या मनात असे. तरीही त्यातून या दोन तालुक्यांच्या शाळाशाळांतून स्त्रिया उभ्या राहिल्या आणि मुख्याध्यापिकेच्या खुर्चीपर्यंत पोहोचल्या, ही गोष्ट मूळ हेतूपेक्षा मोठी आहे. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी दूरशिक्षणाने बी.एड. सुरू केल्यावर डी.एड. झालेल्या कितीतरी शिक्षिकांनी संसार आणि शाळा सांभाळून, सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर हजेरी लावून, पुढची पदवी मिळवली.

१९९० नंतरची पंधरा-वीस वर्षे ही डी.एड.च्या सुगीची होती. बारावी विज्ञानात उत्तम गुण मिळवलेली मुले अभियांत्रिकी सोडून डी.एड.ला जात, कारण दोन वर्षांत नोकरी मिळे आणि तीही बहुधा आपल्याच जिल्ह्यात. २००० मध्ये सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेने पहिली तीन वर्षे केवळ मानधन देऊ केले, प्राथमिकसाठी ते महिना ३,००० रुपये होते, तरी ओढ कमी झाली नाही. या मागणीवर विनाअनुदानित, म्हणजे सरकारी वेतन अनुदान नसलेल्या आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालणाऱ्या, संस्था राज्यभर उगवल्या. १९९५ पासून वैधानिक स्वरूपात काम करू लागलेल्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने त्यांना आळा घालावा अशी अपेक्षा होती. घडले ते उलट. महाराष्ट्रातील २९१ संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यातूनच न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांचा आयोग नेमला गेला, ज्याने २०१२ मध्ये देशातील एकूण शिक्षक-शिक्षणाच्या ढासळलेल्या दर्जावर कठोर अहवाल दिला. सबंध देशाच्या धोरणाला वळण देणारा हा आयोग महाराष्ट्रातील डी.एड. संस्थांच्या बाजारातून जन्मला, हे येथील शिक्षणसंस्थांच्या चालकांनी विसरू नये.

तोवर भरती आटली होती. राज्याने डी.एड.धारकांसाठीची निवड परीक्षा २०१० मध्ये घेतली, ऑक्टोबर २०११ मध्ये सर्व शाळांची पटपडताळणी झाली, तीत कागदोपत्री दाखवलेले विद्यार्थी उघड झाले, शिक्षक अतिरिक्त ठरले, आणि २०१२ पासून नव्या नेमणुकांवर बंदी आली. ज्यांनी याच वर्षांत पदविका पूर्ण केली त्यांच्या वाट्याला खासगी शिकवण्या, इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील तुटपुंजा पगार किंवा तासिका तत्त्वावरील काम आले. तासिका तत्त्व म्हणजे घेतलेल्या तासांपुरताच मोबदला. ऊसतोडणीच्या हंगामात बीड-नगरकडून येणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या तळांवर भरणाऱ्या साखरशाळांना शिक्षकांची निकड असताना प्रशिक्षित तरुण घरी बसले होते, आणि या दोन गरजांना एकत्र आणणारी व्यवस्था कोणी उभी केली नाही. अध्यापक विद्यालयांतील जागा रिकाम्या राहू लागल्या आणि कित्येक विद्यालये बंद झाली.

वर्मा आयोगानंतर २०१४ च्या नियमावलीने २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचे केले आणि छात्रसेवाकाल, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून करावयाचे काम, वाढवला. पदवीच्या पुढे आता आणखी परीक्षा उभ्या आहेत: २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा, २०१७ पासून अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि त्यांच्या गुणांवर ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीतून होणारी निवड. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता अमान्य ठरवली, त्यामुळे जुन्या डी.एड.ची, म्हणजे आताच्या डी.एल.एड.ची, किंमत पुन्हा वाढली. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन ६,००० वरून १६,००० रुपये झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक पदवीची दिशा दाखवली आहे, आणि तालुक्याच्या गावी एकाकी चालणाऱ्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांना आता बहुविद्याशाखीय महाविद्यालयांत विलीन व्हावे लागेल किंवा दार लावावे लागेल.

‘पवित्र’ प्रणालीने नेमणुकीसाठी संस्थाचालकांच्या ओटीत पडणाऱ्या देणग्यांना पुष्कळसा चाप लावला, आणि त्यासाठी तिचे ऋण मानलेच पाहिजे. मात्र ही निवड राज्यव्यापी गुणानुक्रमे होते. त्यामुळे इंदापूरच्या माळावरील गावातून आलेला उमेदवार पालघरच्या किंवा गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यावर नेमला जातो, तेथील वारली किंवा गोंडी बोली त्याला उमगत नाही, आणि त्याच्या गावच्या शाळेत विदर्भातील एखादा तरुण रुजू होतो. दोघेही पहिल्या वर्षापासून आंतरजिल्हा बदलीच्या यादीवर डोळे लावून बसतात. ती बदली मिळेपर्यंत दोन्ही गावांतील पहिलीची मुले अशा शिक्षकाकडून मुळाक्षरे शिकत असतात, ज्याला त्यांच्या घरची भाषा अजून शिकायची आहे.